अलर्ट नंबर नाही, शिडी नाही

शहरातल्या अडतीस चौकांतले सिग्नल दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांना सगळे पिवळेकाका म्हणतात. त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते पगारपत्रकाबाहेर कुणी वापरल्याचं ऐकिवात नाही. पिवळे हे नाव पडलं स्वभावावरून. हा माणूस जन्मात कधी ‘हो’ म्हणाला नाही आणि ‘नाही’ही म्हणाला नाही. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: “बघू.” लग्नाचं विचारलं तेव्हासुद्धा “बघू”च म्हणाले होते. काकू अजून चारचौघांत सांगतात, “मी आपला तोच होकार धरला आणि पुढे निघाले. नाहीतर अजून तिथेच उभी असते, पिवळ्याचा हिरवा कधी होतोय ते बघत.”

दुसरी खोड वर बघत चालायची. लग्नाच्या फोटोत सगळं वऱ्हाड समोर बघतंय आणि नवरदेवाचा चेहरा छताकडे. हॉलमधली एक ट्यूब लुकलुकत होती म्हणे. रस्त्यातल्या खड्ड्यांत ते दोनदा पडले. दुसऱ्या वेळी लोक उचलायला धावले, तर हे खड्ड्यात उताणे पडल्या पडल्या बोट वर करून सांगतायत, “थांबा, थांबा. तो लाल मंद झालाय बघा.”

पूर्वी त्यांचं काम असं चालायचं. सकाळी स्कूटरवरून फेरी. चौकाचौकात त्यांची माणसं. कुठे पेपरवाला, कुठे वाहतूक पोलीस, कुठे नुसतीच रिकामटेकडी. या सगळ्यांत वरचा नंबर टाकीच्या चौकातल्या ब्युटी पार्लरवालीचा. तिचं दुकान पहिल्या मजल्यावर, खिडकी थेट चौकावर. कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं टक्कल लपतं कशाखाली, आणि चौकातला कोणता दिवा कितीला गेला, हे तिच्याकडे एकाच दमात मिळायचं. तिने वरून हाक मारायची, “काका, पूर्वेचा हिरवा गेला हो!” आणि काकांनी खालून म्हणायचं, “बघू.” जेवायच्या सुट्टीआधी शिडीगाडी आलेली, दिवा लागलेला. कागद नाही, शिक्का नाही, सही नाही.

हेच साहेबांना खुपत होतं. दिवा लागला हे ठीक, पण लागल्याचा पुरावा काय?

मग साहेब कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना एक मशीन ठरवून आले. प्रत्येक चौकातल्या सिग्नलच्या पेटीत एक डबी बसवायची. दिवा गेला, तार तुटली, वीज खालीवर झाली, की डबीला आपोआप कळणार आणि ती ऑफिसातल्या खोलीत अलर्ट पाठवणार. खोलीत भिंतभर पडदा, पडद्यावर शहराचा नकाशा, नकाशावर अडतीस ठिपके. हिरवा ठिपका म्हणजे सगळं ठीक. बिघडलं की ठिपका लाल, आणि वर भोंगा. त्या पडद्यासमोर बसायला कॉम्प्युटर येणारी मुलगी हवी होती. ती जागा मिळाली नेमकी पिवळेकाकांच्या सुनेला. मुलगा जहाजावर, सून पडद्यापुढे, सासरे खांबावर. एकाच घरात बिघाड सांगणारी आणि बिघाड काढणारा. काकू म्हणायच्या, “आता फक्त बिघाड करणारा तेवढा घरात यायचा राहिलाय.” हे वाक्य जरा ध्यानात ठेवा.

मशीन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी एकशे बारा अलर्ट आले. बिचारं नवीन होतं, त्याला खरं बोलायची सवय होती. दिवा जरा फडफडला की भोंगा. पावसाचं पाणी जोडात शिरलं की भोंगा. शेजारच्या ऑफिसातले लोक कानांत कापूस घालून बसले. काकांना वाटलं, चला, डोळे फाडून फिरायचा त्रास वाचला. हे पोरगं आपल्यापेक्षा हुशार आहे. काका एकटेच खूश होते. साहेबांना वरून फोन आला: “एका दिवसात एकशे बारा बिघाड? मग इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?”

साहेबांनी मशीनवाल्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “चांगलं आहे हो, पण फार बोलतं. जरा समजूतदार करा.”

मशीनवाल्याने दोन तास बसून त्याला समजूतदार केलं. दिवा मंद झाला? चालायचंच. एक बंद पडला? दुसरा आहे ना. अख्खा चौक अंधारात जाऊन दोन दिवस झाल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्याच्या मनावर बिंबवलं. एकच गोष्ट त्याला बदलता येईना. कुणी चौकातल्या पेटीचं दार उघडलं की भोंगा व्हायचाच. चोर आतल्या बॅटऱ्या नेतात म्हणून ते कारखान्यातच पक्कं करून ठेवलेलं होतं. “असू दे,” साहेब म्हणाले, “दार कोण उघडतंय!”

दुसऱ्या दिवसापासून नकाशा हिरवागार. साहेबांनी पडद्याशेजारी फळा लावला: ‘सलग निर्दोष दिवस’, आणि खाली रोज बदलायचा आकडा. मग परिपत्रक निघालं की यापुढे मशीनने दिलेल्या अलर्ट नंबराशिवाय कोणतंही काम काढायचं नाही आणि पेटीला हात लावायचा नाही. शिडीगाडीची किल्ली एका कुलूपबंद डबीत गेली. नंबर दाबला तरच डबी उघडणार. अलर्ट नंबर नाही, शिडी नाही.

आता यापुढचा हिशोब कुणालाही सुचला असता, साहेबांना तर पगारच त्याचा होता. बिघाड नाही म्हणजे दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही तर शिडीगाडी कशाला? ती द्या बागखात्याला, फांद्या छाटतील. आणि पिवळे? त्यांना पाठवा मोडक्या खांबांच्या गोदामात. बदलीचा हुकूम टाइप होऊन तयार झाला. सही करायची ती शंभराव्या निर्दोष दिवशी, परगावचे अधिकारी मशीन बघायला येणार होते त्यांच्यासमोर, टाळ्यांच्या गजरात.

ही बातमी सुनेनेच घरी आणली. काकू हादरल्या. “गोदामात? अहो, तिथे छप्पर हाताला लागतं. वर बघायला काही नाही. हे आठ दिवसांत आजारी पडतील.”

“बाबा, तुम्ही साहेबांशी बोला ना,” सून म्हणाली.

“बघू,” काका म्हणाले, पण घास तसाच हातात राहिला.

फळ्यावर ऐंशी आकडा होता त्या दिवशी टाकीच्या चौकात एका ट्रकवरचं उंच कपाट सिग्नलच्या आडव्या हाताला लागलं. दिवा फुटला नाही, विझला नाही, तार तुटली नाही. फक्त तिन्ही दिव्यांचा तो डबा गर्रकन फिरला आणि रस्त्याकडे पाठ करून पार्लरच्या खिडकीत डोकावू लागला. त्या दिवसापासून रस्त्यावरच्या गाड्यांना दिसायची डब्याची काळी पाठ, आणि पार्लरमधल्या बायका आळीपाळीने लाल, पिवळ्या आणि हिरव्या व्हायला लागल्या.

पार्लरवालीने कंट्रोल रूमला फोन लावला. उचलला सुनेने.

“अगं, टाकीच्या चौकातला सिग्नल बिघडलाय.”

“मावशी, माझ्याकडे हिरवा दाखवतंय.”

“तुझ्याकडे हिरवा असेल, माझ्याकडे आत्ता लाल आहे. खुर्चीवर वकीलबाई बसल्यात, त्यांचं नाकसुद्धा लाल दिसतंय.”

“बाई, रंगाबिंगाचं म्हणत नाही मी. ठिपका हिरवा आहे. म्हणजे बिघाड नाही.”

“नाही कसा? काल यांच्या केसांना तपकिरी रंग लावला. माझ्या खिडकीत छान दिसला. बाहेर उन्हात गेल्या तर डोकं वांग्यासारखं! कोर्टात न्यायाधीश दोनदा चष्मा पुसून बघत होते म्हणे.”

वकीलबाईंनी खुर्चीवरूनच नोटिशीची भाषा सुरू केली, तेव्हा सुनेने फोन खाली ठेवला. तिच्या हातात काही नव्हतं. अलर्ट माणसाने टाकायची सोयच त्या मशीनमध्ये नव्हती.

काका स्वतः जाऊन बघून आले. चौकात तासभर उभे राहिले. त्या बाजूने येणारे लोक अंदाजाने गाडी हाकत होते. धीट होते ते घुसत होते आणि भित्रे होते ते मागच्याच्या शिव्या खात होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एका पोस्टमनची सायकल टॅक्सीला घासली. चाकाचा आठ झाला, पत्रं रस्ताभर. काकांनी ती गोळा करून दिली आणि तसेच साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

“साहेब, टाकीच्या चौकातला दिवा...”

साहेबांनी पडद्याकडे बोट केलं. “हिरवा आहे.”

“दिवा चांगलाच आहे साहेब. तोंड चुकीच्या दिशेला आहे.”

“तोंडाचं मशीनमध्ये नाही.”

“पण लोकांना दिसत नाही.”

“पिवळे, वीज जातेय ना दिव्यात? दिवा लागतोय ना? मग तो लागलेला दिवा कुणी बघावा ही आपली जबाबदारी आहे का?” असं म्हणून साहेबांनी फळ्यावरचा आकडा फडक्याने पुसला आणि पुढचा घातला. अक्षर मात्र सुरेख हो साहेबांचं.

शिडीगाडीच्या ड्रायव्हरने हात जोडले. “काका, तुमच्यासाठी जीव देईन, पण किल्ली डबीत आहे.” मग काका पार्लरमध्ये चढले. पार्लरवालीने पडद्याचा दांडा काढून दिला. काका खिडकीतून कमरेइतके बाहेर, मागून त्यांचा पट्टा वकीलबाईंनी घट्ट धरलेला, आणि दांड्याचं टोक डब्यापासून वीतभर अलीकडेच. खाली गर्दी जमली. कुणीतरी ओरडलं, “काका, पार्लरमध्ये तुम्ही काय करवून घ्यायला गेला होतात?” काका आत आले ते लाल होऊन, पण तो सिग्नलचा दोष असावा, असं पार्लरवालीने नंतर सगळीकडे उदारपणे सांगितलं.

असे एकोणीस दिवस गेले. त्यात दोन आरसे फुटले, एका बाईचा गुडघा सोलला, आणि नकाशा रोज हिरवा.

नव्व्याण्णवाव्या दिवशी संध्याकाळी जेवताना सून म्हणाली, “उद्या अकराला पाहुणे येणार. हुकुमाची फाइल टेबलावर काढून ठेवलीय, वर पेनसुद्धा ठेवलंय.”

काकू म्हणाल्या, “अगं, तुझ्या त्या मशीनला एकदा तरी ओरडायला लाव की!”

“माझ्या हातात असतं तर लावलं नसतं का आई? ते आता कशालाच ओरडत नाही. पेटीचं दार उघडलं तरच ओरडतं.”

काका पाणी पीत होते. पेला खाली ठेवून म्हणाले, “बघू.”

काकू सांगतात की आयुष्यभर ऐकलेल्या त्या ‘बघू’मध्ये आणि या ‘बघू’मध्ये फरक होता. सून सांगते की तिला काही कळलं नाही, ती भांडी उचलत होती. माझं विचाराल तर सूनबाई दिसते तेवढी साधी नाही.

शंभरावा दिवस. खोलीत सतरा परगावचे अधिकारी, हातात फुलं, साहेबांच्या अंगात नवा सूट. साहेब काठी घेऊन एकेक ठिपका दाखवत होते. “शंभर दिवसांत एकही बिघाड नाही. मशीन इतकं जागरूक आहे की बिघाडाची हिंमतच होत नाही.”

बरोबर अकरा वाजून दहा मिनिटांनी टाकीच्या चौकातला ठिपका लाल झाला आणि भोंगा असा वाजला की एका पाहुण्याच्या हातातली फुलं खाली पडली. पडद्यावर मोठी अक्षरं आली: ‘पेटीचे दार उघडले.’ खाली अलर्ट नंबर.

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना वाटलं, हा प्रात्यक्षिकाचा भाग.

“वा! दार उघडून किती वेळ झाला?” एका पाहुण्याने विचारलं.

“चार सेकंद,” सून म्हणाली. तिचा चेहरा अगदी कोरा.

“कमाल आहे! साहेब, तुम्ही मुद्दाम उघडायला लावलंत ना?”

आता या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. ‘नाही’ म्हणावं तर शंभराव्या दिवशी चौकात चोर शिरला. साहेबांनी मान हलवली. “हो, हो. अर्थात. नियोजित आहे.”

“मग दुरुस्ती किती वेळात होते तेही बघू या!”

सुनेने नंबर दाबला, किल्लीची डबी उघडली, शिडीगाडी तीन महिन्यांनी घरघरत निघाली आणि मागे पाहुण्यांची बस. चौकात उघड्या पेटीशेजारी पिवळेकाका उभे. त्यांनी दार शांतपणे लावलं, शिडीवर चढले, वर गेले, दोन नट सैल केले, डबा फिरवला, नट आवळले, उतरले. सहा मिनिटं. एका पाहुण्याने वर बघून विचारलं, “हा डबा तिकडे तोंड करून किती दिवस होता?”

कुणी तोंड उघडायच्या आत वरून खिडकीतून उत्तर आलं, “तीन आठवडे!” पार्लरवालीच्या मागे वकीलबाई, डोकंभर चांदीच्या कागदाच्या घड्या घालून, साक्षीला उभ्या.

साहेब लगेच म्हणाले, “तोही... तोही आम्हीच फिरवून ठेवला होता. नियोजित.”

“तीन आठवडे आधीपासून?”

“तयारी लागते,” साहेब म्हणाले.

हुकुमाची फाइल त्या दिवशी कुणी उघडली नाही. पाहुण्यांची बस गेल्यावर मात्र साहेबांनी काकांना केबिनमध्ये घेतलं. दार लावलं, पण त्या केबिनची भिंत प्लायवूडची आहे आणि अख्खं ऑफिस तेव्हा तिला टेकून उभं होतं.

“पिवळे, पेटी तुम्ही उघडलीत?”

सगळ्यांना वाटलं, आता ‘बघू’ येणार.

“हो,” काका म्हणाले.

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी हातातली फाइल पडली.

“नंबर नसताना?”

“हो.”

“परिपत्रक वाचलं होतंत?”

“हो साहेब. म्हणूनच उघडली. नंबर दुसऱ्या कशाने मिळत नव्हता. लिहा तसं. लेखी देतो.”

साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. आणि तिथेच त्यांचं घोडं अडलं. काकांवर ठपका ठेवायचा तर लिहावं लागणार की हा माणूस परवानगीशिवाय वागला. म्हणजे सतरा अधिकाऱ्यांसमोर ‘नियोजित’ म्हटलं ते खोटं. मग डबा एकोणीस दिवस फिरलेला होता तो कुणाच्या नियोजनात? आणि नकाशा हिरवा कसा? साहेबांनी कागदाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. मग पाऊण तास लिहीत बसले.

त्यातून जे निघालं ते असं: मशीनची जागरूकता वेळोवेळी तपासणं आवश्यक असून त्यासाठी ‘बिघाड परीक्षक’ हे पद निर्माण करण्यात येत आहे. परीक्षकाने दर सोमवारी एका चौकातली पेटी उघडावी. मशीनने ते पकडावं. मग परीक्षकानेच शिडीगाडी घेऊन दुरुस्ती करावी. असा बिघाड नियोजित असल्याने फळ्यावरच्या आकड्यात धरू नये. शिडीगाडी बागखात्याला देता येणार नाही. हुकुमात पिवळेकाकांचं खरं आडनाव होतं, ते वाचून ऑफिसात दोघांनी विचारलं, हे कोण?

काकूंना सुनेने फोनवरून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तीनदा ‘हो’ म्हणाले? साहेबांना? मला तेहतीस वर्षांत एकदा नाही.”

ते पद आजही चालू आहे. फळ्यावरचा आकडा हजाराकडे निघालाय, आणि परगावचे लोक मशीन बघून तोंडात बोटं घालतात. काका सोमवारच्या सोमवारी अर्ज भरतात की अमुक चौकात बिघाड करण्याची परवानगी मिळावी. साहेब सही करतात. काका चौक निवडतात तो अर्थातच आधीपासून बिघडलेला. पेटी उघडायची, भोंगा वाजायचा, नंबर यायचा, शिडी यायची. मग त्या चौकातलंच नाही, वाटेतल्या दोन चौकांतलंही उरकून घ्यायचं. साहेबांना हे माहीत नाही असं समजू नका. त्यांना ते अधिकृतपणे माहीत नाही.

फक्त आठवड्याला एकच सोमवार आणि चौक अडतीस, त्यामुळे वशिले सुरू झालेत. परवा पार्लरमध्ये वकीलबाई काकूंशेजारची खुर्ची धरून बसल्या होत्या. डोकं आता व्यवस्थित काळं. “वहिनी, जरा काकांच्या कानावर घाला ना. आमच्या कोर्टासमोरचा पिवळा दोन महिने लागत नाहीये. एखाद्या सोमवारी आमच्याकडे बिघाड करायला या म्हणावं.”

“रांग आहे हो,” काकू म्हणाल्या, “माझ्या बहिणीचाच चौक अजून बिघडवून झाला नाही.”

तेवढ्यात खाली काकांची स्कूटर थांबली. वाहतूक पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं, पार्लरवालीने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून कान दिला. तो विचारत होता, “काका, पुलाखालचा सिग्नल कधी बिघडवताय? हात दाखवून दाखवून खांदा गेला माझा.”

काकांनी वर बघितलं. दिवा जागेवर होता, तोंड रस्त्याकडे.

“बघू,” ते म्हणाले, आणि अर्जाची वही काढली.